पाण्यावर घेतलेलं नाव

बाळ सात महिन्यांचं झालं होतं आणि त्याला अजून नाव नव्हतं. आमच्या ग्रीक लोकांत त्याचं कुणाला नवल वाटत नाही. बाप्तिस्मा होईपर्यंत मूल म्हणजे नुसतं बाळ. नाव द्यायचं ते धर्मपित्याने, चर्चमध्ये पाण्याच्या कुंडाशी उभं राहून, आणि तोवर आईबापांनी ते ओठांवर आणायचं नाही. दोन्ही मुलींच्या वेळी सगळं बिनबोभाट पार पडलं होतं. थोरली रूला आईच्या आईवर, धाकटी सेवी बापाच्या आईवर. मुलगा झाला तर तो बापाच्या बापावर, म्हणजे निकितास, हेही ठरल्यातच जमा होतं. पण ईस्टरच्या जेवणाला म्हाताऱ्या निकितासने काठीने टेबल वाजवलं आणि ठरलेलं सगळं मोडलं.

"माझं नाव चालवायला मी अजून बसलोय," तो म्हणाला होता. "पोराला स्केवोस म्हणा. गेलेल्याचं नाव उठवायचं राहिलंय या घरात."

झालं. अख्खं टेबल रडलं. कालोतिना, त्याची थोरली मुलगी, सगळ्यांत आधी. मग आंतोनिस, बाळाचा बाप, ज्याला रडताना त्याच्या बायकोने कधी पाहिलं नव्हतं. धर्मपिता होणार होता तो मानोलिस, त्याने तर तोंड रुमालात खुपसलं. रडल्या नाहीत त्या दोघीच. सून फोतिनी बाळाला मांडीवर घेऊन ताटाकडे बघत राहिली, आणि म्हातारी सेवास्ती पाव आणायला उठून आत गेली. ती जेवताना सारखी उठतेच, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

स्केवोस तिचा थोरला मुलगा. वीस-बावीस वर्षांपूर्वी स्पंज काढायला समुद्रात उतरला तो वर आला नाही. त्या दिवसापासून सेवास्तीने काळे कपडे अंगावरून उतरवले नव्हते आणि कुणाच्या लग्नाला, बाप्तिस्म्याला पाऊल टाकलं नव्हतं.

तर बाप्तिस्म्याच्या रविवारी सकाळी फोतिनी आणि कालोतिना स्वयंपाकघरात समोरासमोर बसून द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळत होत्या. साठ माणसांचं जेवण. दोघींची बोटं चालत होती आणि त्यांचं भांडणही.

"घट्ट गुंडाळ," कालोतिना म्हणाली. "उकळताना सुटतात."

"बारा वर्षं गुंडाळतेय, वन्सं."

"तरी सुटतात."

फोतिनीने पुढचं पान घेतलं. घर कालोतिनाचं होतं. आमच्याकडे आईचं घर थोरल्या मुलीकडे जातं, आणि नवरा लवकर वारल्यामुळे कालोतिना भावाच्या संसारासकट ते घर चालवत होती. तिचं स्वयंपाकघर, तिची पातेली, तिचं म्हणणं. बारा वर्षांत फोतिनीला याची सवय झाली नव्हती, पण भांडायचा कंटाळा मात्र आला होता.

"काल आईशी फोनवर बोलले," ती म्हणाली. "तिने विचारलं, भांडं म्हणून कुणी पोराला हाक मारतं का?"

"शिकागोच्या लोकांना भांड्यांपलीकडे सुचणार काय? सगळा जन्म हॉटेलात बशा विसळण्यात गेला."

"पण अर्थ तोच आहे ना? स्केवोस म्हणजे भांडं."

"नुसतं भांडं नव्हे," बाहेरून आवाज आला. निकितास ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता, एक पाय पुढे ताठ करून. तिशीत असताना खोल पाण्यातून घाईने वर आला आणि मशीन लागलं, म्हणजे पाणबुड्यांना होणारा लकवा, तेव्हापासून तो पाय तसाच. त्या वेळी ज्यांना लागलं त्यातले बरेच गेले. हा काठीवर राहिला. "पॉल ख्रिस्ताच्या माणसांना पकडत हिंडायचा, तेव्हा देव त्याच्याबद्दल म्हणाला, हे मी निवडलेलं पात्र आहे. ते हे नाव. वाईट माणूस होता, तरी देवाने उचलला. आमच्या बेटावर गल्लीगणिक एक स्केवोस सापडेल. माझा आजोबा स्केवोस, आमचा पाववाला स्केवोस, त्याच्या गाढवाचं नावपण लोकांनी तेच पाडलेलं. आणि आगबोटीतून इकडे अमेरिकेत उतरलो तर एक नाही. इथे धक्क्यावर मायकेल म्हणून ओरडलात तर अर्धा धक्का मागे बघतो. स्केवोस म्हटल्यावर एकच बघायचा."

"शाळेतल्या बाईंची जीभ वळेना," कालोतिना म्हणाली, "म्हणून त्याला स्टीव्ह केला. मेला तेव्हा पेपरातही स्टीव्हच छापलं. अर्ध्या गावाला कळलं नाही कोण गेलं ते. मी तेव्हाच म्हटलं होतं, हे नाव असं जायचं नाही."

फोतिनीने हातातलं पान खाली ठेवलं. "पापू," मुली आजोबांना म्हणायच्या तेच ती सासऱ्याला म्हणाली, "तुमचे आजोबा कशाने गेले?"

ओट्यावर खुर्ची करकरली.

"समुद्रातच," निकितास म्हणाला. "पण तेव्हा सगळेच समुद्रात जायचे. घरात मरायला वेळ कुणाला होता?"

कालोतिनाने भावजयीकडे अशी नजर टाकली की दुसरी कुणी असती तर तिने माफी मागितली असती. फोतिनी हात पुसून उठली आणि मागच्या अंगणात गेली.

आंतोनिस तिथे लग्नातल्या कोटाची बटणं लावून बघत होता. लागत नव्हती. स्पंजांना रोग पडून धंदा बसला, तेव्हापासून तो बोटीवर पर्यटक घेऊन जायचा, पितळी शिरस्त्राण घालून दोन वाव पाण्यात उतरायचा आणि एक स्पंज हातात घेऊन वर यायचा. माणसं टाळ्या वाजवायची. संध्याकाळी तोच स्पंज परत जागेवर ठेवून यायचा, म्हणजे उद्याला सापडायला बरा.

"मी सांगून ठेवते," फोतिनी म्हणाली. "त्या नावाची दोन माणसं झाली तुमच्याकडे, दोन्ही पाण्यात गेली. दोघांत एक थडगं नाही. माझं पोर इतक्या वर्षांनी आलंय. पाचव्या वर्षी कुणीतरी त्याला म्हणेल, स्केवोसकाका असा होता, स्केवोसकाका वीस वाव उतरायचा. मग पुढे काय ते मला सांगायला नको."

"आता बोटीवर आहे काय? मी दोन वावांत उतरतो."

"तुला आवडतं दोन वावांत उतरायला?"

त्याने बटणाचा नाद सोडला. "नाव मानोलिस घेणार. आपण तोंड उघडायचं नाही, नियम आहे."

"तू बारा वर्षांत कधी उघडलंयस? जा आणि त्याला सांग. निकितास म्हण म्हणावं. पापूंचा मान पापूंना. त्यात कुणाचं काय बिघडतं?"

"बाबा म्हणतील, मी सोडलं होतं ते परत का आणलं. ताई वर्षभर बोलणार नाही."

"तेवढाच फायदा."

आंतोनिस हसला नाही. पण गेला.

*

मानोलिस गोदामावरच्या खोलीत शर्टाला इस्त्री करत होता. लग्न केलेलं नव्हतं. इस्त्री, स्वयंपाक, सगळं स्वतःच, आणि सगळं थोडं जळकं. शुक्रवारी रात्री कालोतिना येऊन गेली होती. "माझ्या आईकडे बघ," ती म्हणाली होती, "वीस वर्षं काळ्यात आहे. ते नाव कानावर पडलं की तिला निदान हसता येईल. तू त्याचा जिवलग होतास, तू नाही उठवणार तर कोण?" मानोलिस म्हणाला होता, हो, स्केवोसच म्हणेन. आत्ता आंतोनिस आला, दारातच उभा राहिला, कोटाच्या बाहीवरून हात फिरवत अर्धं बोलला आणि अर्धं गिळलं. मानोलिस त्यालाही म्हणाला, बघू, करू काहीतरी. जो येईल त्याला हो म्हणायची त्याची खोड जुनी होती. आपल्यावर सगळ्यांचं काहीतरी निघतं, अशा भावनेने तो इतकी वर्षं जगला होता.

कारण स्केवोस गेला त्या दिवशी दोर त्याच्या हातात होता. पाणबुड्या खाली असताना वर एक माणूस त्याचा दोर धरून बसतो. खालून एक झटका आला तर हे, दोन आले तर ते. प्रवाहाने बोट फिरली आणि दोर आणि हवेची नळी दोन्ही बोटीच्या पंख्यात सापडली. मानोलिसने ओढला तो नुसता तुटका दोर वर आला. दुसऱ्या बोटी धावल्या, माणसं उतरली, पण स्केवोसला पाण्याने कुठे नेलं ते कळलं नाही. मानोलिस कठड्यावर ओणवा पडून अंधार पडेपर्यंत त्याला हाका मारत होता. खालच्या माणसाला वरचं काही ऐकू जात नाही, हे बोटीवरच्या प्रत्येकाला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं.

कुणी त्याला दोष दिला नाही. दर शुक्रवारी तो सेवास्तीच्या पायरीवर मासे ठेवायचा. ती ते उचलून घ्यायची. एवढंच बोलणं.

म्हणून जिन्यावर काळी ओढणी दिसली तेव्हा त्याने इस्त्री तशीच शर्टावर ठेवली, आणि वास आल्यावर उचलली.

"मावशी, तुम्ही कशाला जिना चढलात? मी आलो असतो."

"पाणी दे," सेवास्ती म्हणाली आणि पलंगाच्या कडेला बसली. पाणी प्यायली. खोलीकडे पाहिलं. "पडदे धू कधीतरी."

"हो."

"दोघंही येऊन गेले असतील तुझ्याकडे. कालोतिना आणि आंतोनिस."

"हो."

"आणि तू दोघांना हो म्हणालास."

मानोलिसने इस्त्री उभी करून ठेवली. म्हातारीने पेला गुडघ्यावर धरला होता. तिला घाई नव्हती. आताशा तिला कशाचीच घाई नसायची.

"मला ते नाव नको आहे," ती म्हणाली.

त्याला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "पण सगळे म्हणतात तुमच्यासाठीच..."

"सगळे म्हणतात. मला विचारलं कुणी? त्यांनी काठीने टेबल वाजवलं आणि सगळे रडायला लागले. अख्खं टेबल रडत असताना नको म्हणून सांगायला तोंड लागतं, मानोली. मी पाव आणायला गेले." तिने पेला खाली ठेवला. "त्याचे कपडे मी चर्चमध्ये वाटले. बूट तुलाच दिले. घड्याळ आंतोनिसच्या हातात आहे. थडगं नाही, हाडं नाहीत. नाव तेवढं माझ्याकडे राहिलंय. मी ते मोठ्याने कधी घेत नाही, पण ते आहे. आता ते या पोराला दिलं की दिवसभर घरात तेच. स्केवोस जेव, स्केवोस खाली उतर, स्केवोस ओरडू नकोस. कालोतिना त्या नावाने त्याला मारेल सुद्धा." इतक्या वर्षांत ते नाव तिच्या तोंडून आलं ते असं, धडाधड तीनदा, आणि तिच्या लक्षातही आलं नाही. मानोलिसच्या आलं. "मग माझ्या मुलाला मी काय म्हणू? माझी भूक कधीच मेली, पण एवढं मला राहू दे."

"मी निकितासच म्हणेन," मानोलिस म्हणाला. "तुमची शपथ."

"शपथ नको. नुसतं म्हण." ती उठली. दारात तिने मागे पाहिलं. "सुनेलापण तेच हवंय. ती बोलत नाही, पण मला दिसतं. पोरीचं बरोबर आहे."

*

चर्चमध्ये उकडत होतं. पुढच्या रांगेत निकितास काठीवर दोन्ही हात ठेवून बसला होता, शेजारी कालोतिना, रुमाल तयार ठेवून. आंतोनिस खांबाशी उभा होता. बाळाची आई तिथे नव्हती. शिकागोत हल्ली असं कुणी पाळत नाही, पण या घरात आई घरीच थांबते, आणि पोरं धावत जाऊन तिला नाव सांगतात. रूला आणि सेवी दाराशी एक पाय पुढे टाकून उभ्याच होत्या.

निकितासला खूप थकवा आला होता. ईस्टरपासून त्याला वाटत होतं की हे एकदा झालं की आपण निवांत झोपू. सत्तरी उलटली होती, पाय रात्रभर ठणकायचा, आणि मेलेल्या मुलाचं नाव मागे ठेवल्याशिवाय जायचं नाही एवढंच काम उरलं होतं. त्याने सवयीने उजवीकडे हात पुढे केला, सेवास्तीच्या हातासाठी. तिथे कालोतिनाची पिशवी होती. आणि मग त्याला, इतक्या उशिरा, असं वाटून गेलं की आपण सेवास्तीला यातलं काहीच विचारलं नाही. लग्नाला पन्नास वर्षं होत आली होती. न विचारायची सवय तेवढीच जुनी होती.

मानोलिसने बाळाला तेल लावलं. बाळ गुळगुळीत झालं आणि हातातून निसटायला बघू लागलं. त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरलं. मनात तो सारखं घोकत होता: निकितास, निकितास. काही कठीण नव्हतं. ते नाव असलेला म्हातारा समोरच बसला होता, त्याच्याकडे बघायचं आणि म्हणायचं.

पण फादरनी बाळ त्याच्याकडून घेतलं, कुंडावर धरलं, आणि मानोलिसला वाकावं लागलं. खाली पाणी होतं. वरच्या दिव्यांचा उजेड त्यावर हलत होता आणि तळ दिसत नव्हता. बाळाने पाय पोटाशी घेतले.

"नाव?" फादर म्हणाले.

पाण्यावर ओणवं होऊन मानोलिसने आयुष्यात एकाच माणसाला हाक मारली होती.

"स्केवोस," तो म्हणाला. आणि कुणी ऐकलं नसेल अशा भीतीने परत एकदा, मोठ्याने, "स्केवोस."

फादरनी बाळाला बुडवलं. पाणी डोक्यावरून गेलं, आणि मानोलिसचे हात आपोआप पुढे झाले. फादरनी त्याला कोपराने मागे सारलं. बाळ वर आलं, खोकललं आणि भोकाड पसरलं. तीनदा बुडवलं आणि तीनदा वर आलं. कालोतिना हुंदके देत होती. मुली केव्हाच पळाल्या होत्या.

*

घरी दोघी स्वयंपाकघरात बसल्या होत्या. पानांची पातेली मंद आचेवर होती. सेवास्ती पांढऱ्या जाळीच्या तुकड्यांत साखरेचे बदाम बांधत होती, आणि फोतिनी नुसती बसली होती. बाळ घरात नसलं की तिला हातांचं काय करायचं ते कळत नसे.

"मी गेले होते मानोलिसकडे," सेवास्ती म्हणाली.

फोतिनीने वर पाहिलं.

"निकितास म्हणणार आहे. तू जीव टांगून बसू नकोस."

"तुम्ही?" फोतिनी म्हणाली. बारा वर्षं तिने या बाईला खांबासारखं बाजूला उभं राहिलेलं पाहिलं होतं. ती आपल्या बाजूची असेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं. "आई, मला वाटलं तुम्हालाच ते नाव हवंय. म्हणून तर मी तुमच्यासमोर कधी..."

"मला वाटलं तू मला घाबरतेस."

"घाबरतेच."

"कालोतिनाला घाबर. मी म्हातारी झाले." सेवास्तीने एक गाठ दातांनी आवळली. "पानं सुटतात म्हणते ना ती? तिचीपण सुटतात. ती सुटलेली तळाशी घालते, म्हणून दिसत नाहीत."

फोतिनी हसली. किती तरी महिन्यांनी हसली असेल. मग तिला रडू आलं आणि ते थांबेना. सेवास्तीने तिला रडू दिलं. पाठीवर हात ठेवला नाही. बदामांची एक पुडी मात्र तिच्यापुढे सरकवली. फोतिनी बदाम खात रडत राहिली आणि तिला फार बरं वाटलं.

मुली धावत आल्या तेव्हा रूला पुढे होती. तिने दार ढकललं आणि धापा टाकत म्हणाली, "स्केवोस."

"मीपण सांगणार होते," सेवी मागून आजीला म्हणाली. "तिने मला ढकललं. स्केवोस, याया. मानोलिसकाकांनी दोनदा म्हटलं."

दोघी हात पुढे करून उभ्या राहिल्या. नाव आणणाऱ्याला नाणं द्यायचं असतं. सेवास्तीने एप्रनच्या खिशातून नाणी काढली, दोघींच्या हातावर एकेक ठेवलं. "जा, बाहेर खेळा," ती म्हणाली. तिचा आवाज रोजच्यासारखाच होता.

थोड्याच वेळात सगळी वरात अंगणात आली. मानोलिस बाळाला घेऊन दारात उभा राहिला. पांढऱ्या कपड्यांत बाळ दमून झोपलं होतं. मागे कालोतिना, आंतोनिस, आणि काठी टेकत निकितास. आता रीत अशी की आईने पुढे व्हायचं, धर्मपित्याच्या हाताला ओठ लावायचे आणि बाळ घ्यायचं. फोतिनी पुढे झाली आणि बाळ घेतलं. हाताकडे तिने पाहिलंच नाही.

"अगं, हात," कालोतिना कुजबुजली.

"राहू दे," मानोलिस म्हणाला. तो सेवास्तीकडे बघत होता. "मावशी, मी निकितास म्हणायला गेलो होतो. खरंच. पाणी पाहिलं आणि..."

कालोतिनाने एकदा त्याच्याकडे, एकदा आईकडे पाहिलं. "निकितास? का? आई, तुला नको होतं?"

"पाण्यावर म्हणालास?" सेवास्तीने मानोलिसला विचारलं.

"हो."

"मोठ्याने?"

"हो, मावशी."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या शर्टाच्या छातीवर इस्त्रीचा पिवळा डाग होता. तिच्याएवढं कुणी त्या दोराला धरून बसलं असेल तर तो हाच, हे तिला माहीत होतं, पण इतकं समोर तिने ते कधी पाहिलं नव्हतं. रागवायला हवं होतं. तिने थोडा प्रयत्न केला, पण तेवढं बळ नव्हतं.

"मग झालं ते झालं," ती म्हणाली. "पाण्यावर घेतलेलं परत घेता येत नाही. जा, लोकांना जेवायला वाढा. साठ माणसं उन्हात उभी आहेत."

"सेवास्ती," निकितास म्हणाला. "मी तुला विचारायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. "आत्ता जेवा."

कालोतिना पातेली उचलायला आली, पण या वेळी काही न बोलता. जाताना तिने आईच्या खांद्याला हात लावला, आणि तिला रडू आलं नाही म्हणून ती स्वतःच गोंधळली. आंतोनिस बायकोजवळ येऊन थांबला. "मी सांगितलं होतं त्याला," तो म्हणाला. फोतिनी म्हणाली, "मला माहीत आहे, तू जा." माणसं बाहेर गेली. बाहेर कुणीतरी व्हायोलिन जुळवायला लागलं.

स्वयंपाकघरात दोघी उरल्या, आणि बाळ. ते जागं झालं होतं आणि आईच्या गळ्यातला क्रॉस ओढत होतं.

"माझ्याने ते नाव घेववणार नाही," फोतिनी म्हणाली. "मी बाळच म्हणेन."

"वीस वर्षांच्या माणसाला बाळ म्हणशील?"

"तो वीस वर्षांचा झाला तर म्हणेन."

सेवास्तीने खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. "ऐक. आता ते त्याचं आहे. आपण दोघींनी नाही घेतलं तर ते कालोतिनाकडे जाईल, नाहीतर शाळेतल्या बाईकडे. कुणीतरी घेणारच. तू आई आहेस. पहिली हाक तू मार."

"तुम्ही मारा. तुमचं होतं."

"मी मारली तर दुसराच ओ देईल," सेवास्ती म्हणाली.

फोतिनीने बाळाकडे पाहिलं. केसांना अजून तेलाचा वास येत होता. मग तिने ते नाव घेतलं, अगदी हळू, जसं झोपलेल्याला उठवायचं नसताना घेतात तसं.

"स्केवोस."

सेवास्तीने दाराकडे पाहिलं. तिला पाहायचं नव्हतं, पण मान वळलीच. दार उघडं होतं, उंबऱ्यावर ऊन पडलं होतं, पलीकडे लोकांची वर्दळ होती. ती बघत राहिली.

कुणी आलं नाही. मग म्हातारीने मान फिरवली आणि बाळाला घ्यायला हात पुढे केले.